वाईन कूलरच्या पाठीवरचा बर्फ

ठाण्याला ताईकडे गेलं की चहा यायच्या आत दाजी घरातली एखादी बिघडलेली वस्तू दाखवतात. यंदा पाळी वाईन कूलरची, म्हणजे वाईनच्या बाटल्या ठेवायच्या छोट्या फ्रीजची होती. काचेच्या दाराचा, २८ बाटल्यांचा, टीव्ही युनिटमध्ये सुताराकडून मापात कोनाडा करून घेऊन बसवलेला. आत मागच्या भिंतीवर बोटभर जाड पांढरा थर, तळाला पाणी, आणि सगळ्यात खालच्या बाटलीचं लेबल भिजून अर्धं लोंबत होतं.

"मी श्रावण पाळतो," दाजी म्हणाले. "तीन आठवडे बाटलीला हात नाही लावलेला. दारच उघडलं नाही, तर बर्फ आला कुठून?"

प्रश्न रास्त होता. शिवाय खोक्यावर ठळक अक्षरांत 'ऑटो डिफ्रॉस्ट' छापलेलं. म्हणजे बर्फ आपोआप वितळणार, असंच कोणीही समजेल. मेकॅनिकला फोनवर विचारलं तर त्याने न बघताच निकाल दिला होता: गॅस गेलाय, भरावा लागेल.

गॅस गेला नव्हता. पण तिथे पोचायच्या आधी हे यंत्र काम कसं करतं ते बघायला हवं, कारण यातली निम्मी भानगड 'डिफ्रॉस्ट' या शब्दाच्या अर्थातच आहे.

पाणी येतं कुठून

फ्रीजमधलं गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की पेल्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी पेल्यातून पाझरत नाही, हवेतून येतं. गरम हवेत जास्त वाफ मावते, गार हवेत कमी. हवा गार पृष्ठभागाला टेकली की न मावलेली वाफ पाणी होऊन तिथेच बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं, त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात ठाण्या-मुंबईत हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २७ पेक्षा गार असलेली कोणतीही वस्तू घामेजणार. कूलरची काच बाहेरून ओली होते ती यामुळेच. त्यात बिघाड काही नाही. फडक्याने पुसा आणि विसरून जा.

आता आतलं बघू. साध्या फ्रीजमध्ये ओलावा आपणच भरतो: धुतलेली भाजी, झाकण नसलेलं वरण, कोमट असतानाच ठेवलेलं दूध. वाईनच्या बाटल्या बुचाने बंद असतात, त्यांच्यातून पाणी येत नाही. त्यामुळे नुसत्या बाटल्या ठेवलेल्या कूलरमध्ये बर्फाचा कण न् कण खोलीतल्या हवेतून आलेला असतो. आणि आत शिरायला हवेला मुख्य वाट एकच, दार.

किती येतो, याचा हिशेब घालता येतो. वर सांगितलेल्या पावसाळी हवेत दर घनमीटरला साधारण २६ ग्रॅम वाफ असते. १२ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त ११ ग्रॅमच्या आत मावते. बाटल्यांची जागा सोडून आत ८० लिटर हवा आहे असं धरलं, तर दार पूर्ण उघडून हवा बदलली की एका वेळी ग्रॅम-सव्वा ग्रॅम पाणी आत येतं, म्हणजे पाव चमचा. हे काहीच नाही. पण दाराचं रबर एका कोपऱ्यात नीट बसत नसेल आणि त्या फटीतून तासाला एकदा आतली हवा बदलत असेल, तर महिन्याला पाऊण लिटरच्या वर पाणी. दार एकदाही न उघडता!

दाजींच्या कोड्याचं हे एक संभाव्य उत्तर झालं. म्हणून मी पाकिटातून दहाची नोट काढली. रबराची परीक्षा नोटेनेच घेतात: नोट चौकटीवर धरायची, दार लावायचं, नोट ओढायची. अडकून, घासत बाहेर आली तर रबर ठीक, सुळकन आली तर तिथे फट. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत दोनदा करायचं. फट सापडली तरी लगेच नवं रबर मागवू नका. स्पार्कलिंग वाईनची बाटली नेहमीच्या बाटलीपेक्षा जाड असते. ती फळीवर अर्धा इंच पुढे राहिली की दाराला आतून रेटते, आणि दार लागल्यासारखं दिसलं तरी लागत नाही. रबर मळलेलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावरही बऱ्याचदा पुन्हा चिकटायला लागतं.

दाजींचं रबर मात्र निर्दोष सुटलं. नोट सगळीकडे अडकली.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. "दार उघडलं नाही कसं?" ती म्हणाली. "मंगळागौरीची पत्री मी त्यातच ठेवली होती. दूर्वा, बेल, आघाडा. साध्या फ्रीजमध्ये काळी पडते, यात छान राहते."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

आत १२ अंश असताना बर्फ कसा?

पत्रीने ओलावा आणला, कबूल. पण ओलावा आला तर पाणी व्हायला हवं. बर्फ शून्याला होतो आणि कूलर तर १२ वर लावलेला.

खोली २४ अंशांवर आणायची तर एसीच्या तोंडातून त्याहून बरीच गार हवा सुटावी लागते. कूलरचंही तसंच आहे. आतली हवा १२ अंशांवर ठेवण्यासाठी मागच्या भिंतीतला धातूचा पत्रा शून्याच्याही खाली न्यावा लागतो. त्याला इव्हॅपोरेटर म्हणतात, आपण गार पत्राच म्हणू. कॉम्प्रेसर चालू असताना वाफ या पत्र्यावर थेट दहिवरासारखी गोठते. तेव्हा कॉम्प्रेसर घुमत असताना पत्र्यावर पातळ पांढरी झाक दिसली तर घाबरू नका, ती दिसायलाच हवी. पुढे तिचं काय होतं, ते महत्त्वाचं.

(कॉम्प्रेसर नसलेले छोटे कूलरही मिळतात. ते ज्या परिणामावर चालतात तो फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए याने १८३४ मध्ये शोधला. आवाज जवळजवळ नसतो आणि बर्फाची कटकटही कमी, पण खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. मे महिन्यात ते नुसते शोभेचे. पुढचं सगळं कॉम्प्रेसरवाल्यांबद्दल आहे.)

डिफ्रॉस्ट म्हणजे विश्रांती

एका दाराचा जुना फ्रीज आठवा. नॉबच्या मधोमध एक बटन असायचं. रविवारी आई ते दाबायची, कॉम्प्रेसर बंद व्हायचा, आणि दुपारपर्यंत फ्रीझरमधून बर्फाचे तुकडे ट्रेमध्ये धडाधड पडायचे. हा हाताने केलेला डिफ्रॉस्ट. नंतर दोन दारांचे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आले. त्यांच्यात पडद्याआड एक हीटर असतो, तो ठरावीक वेळाने लागून बर्फ वितळवतो.

वाईन कूलरच्या खोक्यावर 'ऑटो डिफ्रॉस्ट' वाचून आपल्याला हा हीटर आठवतो. घरगुती कूलरमध्ये बहुतेक वेळा तो नसतोच (काही मोठ्या मॉडेलमध्ये असतो). तिथे ऑटो डिफ्रॉस्टचा अर्थ इतकाच, की आत १२ अंश झाले की कॉम्प्रेसर थांबतो. तो थांबला की त्याच १२ अंशांच्या हवेने पत्रा शून्याच्या वर येतो, दहिवर वितळतं, थेंब पत्र्यावरून घरंगळत खालच्या पन्हळीत येतात, तिथल्या भोकातून नळीने मागे जातात आणि कॉम्प्रेसरवर बसवलेल्या ट्रेमध्ये पडतात. कॉम्प्रेसरच्या उबेने ते पाणी हवेत उडून जातं. वेगळं यंत्र नाही, बटन नाही. थांबणं हाच डिफ्रॉस्ट.

हीटर न देण्यामागे काटकसर आहेच, पण थोडा विचारही आहे. वाईनच्या बुचाला ५० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमधली हवा कोरडी असते, तिथे महिनोन्महिने ठेवलेल्या बाटलीचं बूच सुकून आकसू शकतं. थेंब थेंब वितळणारा हा पत्रा आतली हवा तेवढी कोरडी पडू देत नाही.

आता कॉम्प्रेसर थांबलाच नाही तर काय होईल ते बघा. दहिवर वितळत नाही, त्यावर दुसरा थर बसतो. हा थर भुसभुशीत असतो, आत हवा कोंडलेली, म्हणजे पत्र्याला स्वेटर घातल्यासारखंच. बर्फ दिसतो म्हणून आपण समजतो की कूलिंग जोरात आहे, प्रत्यक्षात पत्र्याचा गारवा आत पोचतच नाही. आत १२ होत नाहीत म्हणून कॉम्प्रेसर आणखी चालतो, आणखी चालतो म्हणून बर्फ आणखी वाढतो. काम उरकत नाही म्हणून जागायचं आणि जागरणामुळे काम उरकत नाही, अशी गत.

तेव्हा बर्फ दिसला की "एवढा गार का होतोय" असं विचारू नका. हा थांबत का नाही, ते विचारा.

घड्याळ लावून ऐका

तपासणीची सुरुवात कानांनी करायची. कूलरजवळ दोन तास बसा, हातात काहीतरी वाचायला घ्या. कॉम्प्रेसर कधी घुमायला लागला, कधी थांबला, ते लिहून ठेवा. थांबल्यावर काचेतून टॉर्च मारा: पत्रा पांढऱ्याचा ओला होतोय का, थेंब घरंगळतायत का? होत असेल तर डिफ्रॉस्ट शाबूत आहे, दोष दारात किंवा नळीत. दोन तासांत एकदाही शांतता झाली नाही, तर तुमचा रोग तिथेच आहे. (इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू गतीने बराच वेळ चालतो, त्याला थोडी सूट द्या.)

दाजींचा कूलर दोन तासांत एकदाही थांबला नाही. मी त्याच्या बाजूच्या पत्र्यापर्यंत हात घालायला गेलो, तर कोनाड्यात बोटं शिरेनात. लॅमिनेटला मात्र इस्त्रीनंतरच्या शर्टासारखी ऊब होती.

कूलर गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बऱ्याच मॉडेलमध्ये ती बाजूच्या पत्र्यांतून आणि पाठीमागून बाहेर पडते. मोकळा ठेवायचा कूलर वेगळा आणि कपाटात बसवायचा वेगळा. कपाटातल्याला समोर, खाली जाळी असते आणि तो पुढून श्वास घेतो. मोकळा ठेवायचा कूलर मापात कोनाडा करून कोंबला की त्याने टाकलेली उष्णता त्याच्याच भोवती साचते, आणि तीच तो पुन्हा उचलत बसतो. सुताराचं काम देखणं होतं यात शंका नाही. एका सुताने माप चुकलं असतं तर कूलरचं भलं झालं असतं.

जागा मोकळी असूनही थांबत नसेल, तर पाठीमागची धूळ आधी झाडा. मग आतला छोटा पंखा फिरतोय का बघा: तो बंद पडला की पत्रा गोठतो आणि बाटल्या कोमटच राहतात. मग सेन्सर. आतलं तापमान ओळखणारा हा मण्याएवढा भाग चुकीचं सांगायला लागला की कॉम्प्रेसर बिचारा पळत राहतो. ग्लासभर पाण्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा. सकाळी त्याचा आकडा आणि डिस्प्लेचा आकडा यांत एक-दोन अंशांचा फरक असेल तर चालेल, चार-पाचांचा असेल तर मेकॅनिकला नेमकं तेच सांगा.

नागपूरचा बर्फ वेगळा, रत्नागिरीचा वेगळा

कूलरच्या पाठीवर किंवा आत एक स्टिकर असतो. त्यावर हवामान वर्ग लिहिलेला असतो: एसएन, एन, एसटी किंवा टी. एन म्हणजे खोली १६ ते ३२ अंश असेल तर हे यंत्र नीट चालेल. एसटीची मर्यादा ३८, टीची ४३. विकत घेताना काचेतले निळे दिवे सगळे बघतात, हे अक्षर कोणी बघत नाही. विदर्भात मे महिन्यात एन वर्गाच्या कूलरने थांबायचं ठरवलं तरी त्याला जमणार नाही.

गंमत अशी, की त्या हवेत ओलावा जवळजवळ नसतो. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटरला साडेआठ ग्रॅमच वाफ, पावसाळी कोकणाच्या एक तृतीयांश. तिथे बर्फ हळू साचतो, पण यंत्राला उसंत नसल्याने वितळत नाही. कोकणात यंत्राला उसंत मिळते, पण ओलावा इतका की वितळायला ती पुरत नाही. त्यामुळे नागपूरकराने आधी जागा आणि वर्ग तपासावा, रत्नागिरीकराने आधी रबर. ठाणेकर दाजींच्या वाट्याला दोन्ही आलं होतं, थोडं हवेमुळे, थोडं सुतारामुळे.

"गॅस भरून टाकू या"

हे वाक्य ऐकलं की थांबा. गॅस बंद नळीत गोल फिरतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

गॅस कमी झाल्याची खूण पत्र्यावरच दिसते. पत्र्याच्या एकाच कोपऱ्यात, गॅस शिरतो तिथे, बर्फाचा गोळा असतो आणि बाकीचा पत्रा कोरडा आणि कोमट. दाजींचा पत्रा वरपासून खालपर्यंत सारखा पांढरा होता. सारखा थर म्हणजे गॅस सगळीकडे पोचतोय. फोनवरच्या मेकॅनिकने फोटो जरी मागवला असता तरी कळलं असतं.

दाराच्या कडेला बर्फ असेल तर रबर. नुसतं तळाला पाणी किंवा बर्फ असेल, तर पन्हळीचं भोक तुंबलेलं. त्यात बहुतेक वेळा लेबलचा लगदा, बुचाचा भुगा नाहीतर बुरशी निघते. मोरीच्या जाळीसारखंच हे. सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी हळू सोडा. तार घालू नका, नळी फाटली तर पाणी भिंतीच्या आतल्या थरात जातं. दाजींच्या भोकात बेलाचं एक पान अडकलं होतं, आडवं, अगदी मापात.

उलथणं खाली ठेवा

साचलेला बर्फ एकदा हाताने काढावाच लागतो, कारण बोटभर थर पाच-दहा मिनिटांच्या विश्रांतीत वितळत नाही. प्लग काढा, बाटल्या बाहेर घ्या, दार उघडं ठेवा, तळाला जुना टॉवेल, समोर टेबल फॅन. रात्रभर. सकाळी सगळं पुसून कोरडं करा आणि मगच चालू करा.

खरवडायचं नाही. उलथणं, सुरी, स्क्रू ड्रायव्हर काहीही नाही. माझ्या जुन्या फ्रीजवर मी हा शहाणपणा केलाय. बर्फाचा शेवटचा तुकडा निघत नव्हता, टोक जरा जोरात लागलं आणि 'फुस्स' आवाज आला. तो फ्रीजचा शेवटचा श्वास होता. आता तर धोका जास्त आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. मात्रा थोडी, पण पेट घेणारा. तसा आवाज आलाच तर लायटर, शेगडी, स्विच कशालाही हात न लावता खिडक्या उघडा. हेअर ड्रायरही नको: खाली पाणी साचलेलं आणि हातात वीज.

बाटल्यांची काळजी करू नका. बंद बाटली एक रात्र पलंगाखालच्या अंधारात राहिल्याने बिघडत नाही. वाईनला छळतो तो महिनोन्महिन्यांचा उकाडा आणि तापमानाची रोजची वरखाली.

पण ५ वर ठेवलं तर जास्त टिकेल ना?

नाही. साठवायला १२ ते १४ अंश पुरेत. पाचावर लावलं की कॉम्प्रेसरला जवळजवळ थांबताच येत नाही, शिवाय थांबला तरी बर्फ वितळवायला आतली हवा पाचच अंशांची. पांढरी वाईन गार प्यायची असेल तर पिण्याआधी बाटली तासभर साध्या फ्रीजमध्ये ठेवा.

"थांबल्यावर डिस्प्ले १५ दाखवतो, वाईन तापते का?" हाही नेहमीचा प्रश्न. डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो. हवा पटकन तापते, पाऊण लिटर द्रव आणि जाड काच इतक्या लवकर हलत नाहीत. थोडा बर्फ राहिला तर चालेल का, याचं उत्तर कालच्या थरावर आहे: काल होता तेवढाच आज असेल तर चालेल, रोज वाढत असेल तर नाही.

आम्ही कूलर कोनाड्यातून ओढून काढला आणि खिडकीशेजारच्या भिंतीला, चारही बाजूंनी वीतभर जागा सोडून ठेवला. कोनाड्यात ताईने समई ठेवली, ती तिथे जास्त शोभली. पत्री स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात साध्या फ्रीजमध्ये गेली. रात्रभर टेबल फॅन चालला, सकाळी पुसापुशी झाली, प्लग लावला. कूलर घुमायला लागला. आम्ही पोहे खाल्ले, दुसरा चहा झाला, आणि साडेदहाच्या सुमाराला घूं घूं एकदम थांबली.

"गेला वाटतं," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दाजींनी टॉर्च मारला. पत्र्यावरून एक थेंब अडखळत खाली येत होता.